न घेतलेली नावे

खेळाडूंच्या ड्राफ्टमध्ये प्रत्येक संघ आपल्या पाळीला एक नाव उचलतो. उचललेले नाव यादीतून जाते आणि पुढच्या संघाला उरलेल्यांतून निवड करावी लागते. घेतलेली नावे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात एका चौकटीत छापून येतात. चाहत्याची नजर त्या चौकटीवर फार वेळ ठरत नाही. आपल्या संघाची पाळी आली तेव्हा यादीत आणखी कोण कोण शिल्लक होते, हे तो आठवू लागतो. तो उंचापुरा बचावपटू तेव्हा उपलब्ध होता. तो चपळ विंगर होता, तो कोवळा गोलकीपर होता. संघाने त्यांना ओलांडून भलत्याच नावावर बोट ठेवले. वाद इथून सुरू होतो आणि मोसमभर पुरतो. काही वाद दशकभर पुरतात.

सामन्यावरचा वाद वेगळा असतो. मोकळ्या गोलसमोर चेंडू वरून गेला, हे हजारो लोकांनी एकाच क्षणी पाहिलेले असते. हळहळही एकाच क्षणी होते आणि पुढच्या सामन्यापर्यंत ओसरते. ड्राफ्टमधली चूक त्या दिवशी कुणालाच दिसत नाही. ती दुसऱ्या संघाच्या जर्सीत हळूहळू मोठी होते. सोडून दिलेला मुलगा पहिल्या वर्षी बाकावर बसतो, दुसऱ्या वर्षी सातत्याने खेळू लागतो आणि तिसऱ्या वर्षी आपल्याच मैदानावर येऊन आपल्यावरच गोल करतो. त्या संध्याकाळी स्टँडमधला एखादा जुना चाहता शेजाऱ्याकडे वळून म्हणतो, ‘हा आपला झाला असता.’ या वाक्यात राग थोडा आणि जिव्हाळा जास्त असतो. जो कधी आपला नव्हताच, त्याच्याबद्दलही असे वाटणे हे क्रीडाप्रेमाचे एक खास लक्षण मानावे लागेल.

ही पद्धत अमेरिकन फुटबॉलमधून आली. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांचा संघ सतत हरत होता, कारण चांगले तरुण खेळाडू श्रीमंत आणि विजयी संघांकडेच जात. मोसमात तळाला राहिलेल्या संघाला पुढच्या वर्षी पहिली निवड मिळावी, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. फेब्रुवारी 1936 मध्ये फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात पहिला ड्राफ्ट झाला. फळ्यावर 90 नावे लिहिलेली होती. पहिली निवड बेल यांच्याच संघाची होती आणि त्यांनी जे बर्वांगर हे नाव घेतले. शिकागो विद्यापीठाचा हा खेळाडू त्या काळी महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वांत नावाजलेला. पण त्याने व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलेच नाही. जगातल्या पहिल्या ड्राफ्टमधले पहिलेच नाव असे हातातून गेले. उरलेल्या 89 नावांपैकी कोणते घ्यायला हवे होते, हा प्रश्न ड्राफ्टबरोबरच जन्माला आला.

पुढे त्या देशात या हळहळीची मोठी परंपरा तयार झाली. 2000 साली टॉम ब्रेडी हा क्वार्टरबॅक सहाव्या फेरीत, 199 व्या क्रमांकावर घेतला गेला. त्याच्या आधी त्याच जागेचे सहा खेळाडू निवडले गेले होते. ब्रेडीने नंतर सात सुपर बोल जिंकले. बास्केटबॉलमध्ये 1984 साली पोर्टलंडच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावर सॅम बोवीला घेतले आणि तिसऱ्या क्रमांकावर शिकागोने मायकेल जॉर्डनला उचलले. पोर्टलंडच्या चाहत्यांच्या दोन पिढ्या त्या एका पाळीचा हिशेब मांडत राहिल्या. बोवीची कारकीर्द दुखापतींनी पोखरली, हे त्या हिशेबात क्वचितच येते.

भारतात खेळाडू वाटून घेण्याची जी पद्धत रुजली, तिच्यात लिलावाचा वाटा मोठा. लिलावात हातात ठरावीक रक्कम असते आणि बोली वाढत जाते. ड्राफ्टमध्ये रक्कम आधीच ठरलेली असते आणि प्रश्न फक्त पाळीचा असतो. त्यामुळे दोन्हींतली हळहळही निरनिराळी. लिलावानंतर चाहता विचारतो की आणखी पाच लाख का वाढवले नाहीत. त्यावर पैसे संपले होते, असे उत्तर असते आणि ते बहुधा खरेही असते. ड्राफ्टमध्ये अशी पळवाट नाही. समोर दोन नावे होती, कोणतेही घेता येत होते, संघाने एक घेतले. आपल्या संघाच्या व्यवस्थापनाने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हे इतके उघडेपणाने दुसऱ्या कुठल्याच प्रसंगी दिसत नाही.

याचे भारतातले सर्वांत गाजलेले उदाहरण क्रिकेटचे आहे. आयपीएलच्या पहिल्या मोसमाआधी, मार्च 2008 मध्ये, एकोणीस वर्षांखालील खेळाडूंसाठी लिलावाऐवजी ड्राफ्ट झाला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला विराट कोहलीच्या नेतृत्वाखाली भारताने मलेशियात त्या वयोगटाचा विश्वचषक जिंकला होता. दिल्लीला पहिली संधी होती आणि कोहली दिल्लीचाच. दिल्लीने प्रदीप सांगवान हा डावखुरा वेगवान गोलंदाज घेतला आणि कोहली बंगळूरूकडे गेला. आज हा निर्णय ऐकणारा हसतो. पण त्या दिवशी दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, शिखर धवन, दिलशान आणि डिव्हिलियर्स होते. आणखी एका फलंदाजापेक्षा गोलंदाज हवा, हा विचार त्या खोलीत बसलेल्या कोणत्याही समंजस माणसाला पटला असता. दुसरी बाजू अशी की कोहलीला घेऊनही बंगळूरूला विजेतेपदासाठी अठराव्या मोसमापर्यंत, 2025 पर्यंत, थांबावे लागले. एक नाव बरोबर उचलले म्हणजे संघ उभा राहतो, ही समजूत इथे टिकत नाही.

फुटबॉलमध्ये महाराष्ट्राला ड्राफ्टची ओळख इंडियन सुपर लीगने, म्हणजे आयएसएलने, करून दिली. जुलै 2014 मध्ये मुंबईत पहिला ड्राफ्ट झाला आणि 84 भारतीय खेळाडू क्लबांमध्ये वाटले गेले. त्या वेळी परिस्थिती मोठी विलक्षण होती. क्लब कागदावर होते, जर्सीचे रंग नुकतेच ठरत होते, स्टँडमध्ये कोणती गाणी म्हणायची हे कुणाला ठाऊक नव्हते. मुंबई सिटी आणि एफसी पुणे सिटी या दोन्ही संघांनी अजून एकही सामना खेळलेला नव्हता, पण त्यांच्यावरचे वाद सुरू झाले होते. ज्या संघाला अजून घर नाही, त्याच्याशी माणसाचे नाते जुळावे तर कशाने? बालेवाडीतल्या पहिल्या सामन्याआधीच पुण्यातल्या फुटबॉलवेड्यांनी संघाची यादी तोंडपाठ केली होती आणि तिच्यातल्या उणिवाही. संघ आपला झाला तो या उणिवा मोजण्यातून. त्याच ड्राफ्टमधून केरळ ब्लास्टर्सने संदेश झिंगन हा तरुण बचावपटू घेतला आणि पहिल्याच मोसमात तो उदयोन्मुख खेळाडू ठरला. पुणे-मुंबईसह इतर संघांच्या चाहत्यांना पहिले ‘हातचे गेलेले’ नाव मिळाले.

पुढच्या वर्षी, 10 जुलै 2015 रोजी, मुंबईत दहा निवडक खेळाडूंचा लिलाव झाला आणि बाकीच्यांचा ड्राफ्ट. सुनील छेत्रीसाठी मुंबईने 1 कोटी 20 लाख मोजले. युजिनसन लिंगडोहसाठी पुण्याने 1 कोटी 5 लाख दिले, जॅकीचंद सिंगसाठी 45 लाख. रिनो अँटो हा बचावपटू 90 लाखांना कोलकात्याकडे गेला. भारतीय फुटबॉलपटूच्या नावापुढे कोटीचा आकडा लागलेला पाहून जुन्या खेळाडूंना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. मुंबईच्या हारवूड लीगमध्ये कार्यालयाच्या नोकरीच्या आधारावर खेळलेल्या पिढीने असा आकडा स्वप्नातही पाहिला नव्हता.

त्या मोसमाचा निकाल या वादांच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. छेत्रीने सात गोल केले आणि लीगमधली भारतीय खेळाडूची पहिली हॅट्‌ट्रिकही त्याच वर्षी त्याने मुंबईसाठी नोंदवली. तरीही आठ संघांत मुंबई सहावी आली आणि पुणे सातवे. म्हणजे मुंबईची निवड अचूक होती आणि संघ तळाजवळ होता. मुंबईच्या चाहत्यांनी मग छेत्रीचा प्रश्न सोडला आणि बचावफळीचा धरला: या पैशात दोन चांगले बचावपटू आले असते. हा आक्षेप खरा ठरू शकत नाही आणि खोटाही ठरू शकत नाही, कारण जे घडले नाही त्याचा सामना कुठेही खेळला जात नाही. न घेतलेल्या खेळाडूला दुखापत होत नाही, त्याचा फॉर्म जात नाही, त्याचे प्रशिक्षकाशी बिनसत नाही. कल्पनेतल्या संघात तो नेहमी पूर्ण ताकदीने खेळतो. खऱ्या खेळाडूची तुलना जेव्हा या खेळाडूशी होते, तेव्हा खऱ्यावर अन्याय होतो. चाहत्याला हे आतून माहीत असते, तरी तुलना थांबत नाही.

23 जुलै 2017 चा ड्राफ्ट हा या मालिकेतला सर्वांत मोठा. लीग दहा संघांची झाली होती. बंगळूरू आणि जमशेदपूर हे दोन नवे क्लब आले होते आणि दोनशेहून अधिक खेळाडू यादीत होते. प्रत्येकाची रक्कम आधीच जाहीर होती. पहिले नाव जमशेदपूरने घेतले: अनस एडाथोडिका, 1 कोटी 10 लाख. तेवढ्याच किमतीला लिंगडोह पुण्यातून दोन वर्षांनी कोलकात्याकडे गेला. दिवसभर एकेक फेरी चालली आणि फलकावरची नावे कमी होत गेली. शेवटच्या फेऱ्यांकडे कॅमेरे फारसे वळत नाहीत, पण खऱ्या चाहत्याचा जीव तिथेच अडकलेला असतो. पहिल्या फेरीत कोण जाणार, हे साऱ्यांना ठाऊक असते. बाराव्या-तेराव्या फेरीत कोणता अनोळखी मुलगा घेतला, यावरून क्लबच्या माणसांनी धुळीच्या मैदानांवर किती दुपारी घालवल्या आहेत, ते कळते.

पुण्याच्या बाबतीत एक नाव विशेष बोचरे आहे. मिझोरामचा लालियानझुआला छांगटे हा विंगर पुण्यात वाढला, डीएसके शिवाजीयन्सच्या अकादमीत. त्याचे धावणे पुण्याच्या फुटबॉलप्रेमींनी सर्वांत आधी पाहिले होते. 2016 मध्ये तो नॉर्थईस्टकडून खेळला आणि 2017 मध्ये दिल्लीकडे गेला. शहराच्या एका मैदानावर घडलेला मुलगा शहराच्याच दुसऱ्या क्लबच्या जर्सीत दिसला नाही. पुढे तो मुंबई सिटीत आला आणि 2022-23 च्या मोसमात लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याच मोसमात सर्वोत्तम गोलकीपरचा मान विशाल कैथला मिळाला. विशाल पुणे सिटीचा जुना गोलकीपर. एका मोसमातले हे दोन मोठे सन्मान पुण्याशी नाते असलेल्या दोन मुलांना मिळाले, आणि तोवर पुण्याचा क्लबच उरला नव्हता.

एफसी पुणे सिटीला एकच मोसम खऱ्या अर्थाने लाभला. 2017-18 मध्ये रान्को पोपोविच प्रशिक्षक, पुढे मार्सेलिन्हो आणि अल्फारो, गोलमध्ये विशाल. संघ चौथा आला आणि पहिल्यांदा उपांत्य फेरीत पोचला. बालेवाडीतला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला आणि बंगळूरूत पुणे 3-1 ने हरले. तिन्ही गोल छेत्रीचे. पुण्याच्या स्टँडमधून नारिंगी जर्सी घालून ओरडणाऱ्या पोरांना वाटले होते की ही सुरुवात आहे. 2019 मध्ये क्लब बंद झाला. त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभा राहिला, 2022 च्या मार्चमध्ये तो लीगचा विजेता झाला, आणि 2025 मध्ये तोही आपले शहर सोडून दिल्लीला गेला.

संघ गेल्यावर त्याच्या निवडींवरचे वाद संपायला हवेत. तसे होत नाही. 2017 मध्ये पुण्याने छांगटेला घ्यायला हवे होते का, हा प्रश्न आज व्यवहारात निरर्थक आहे. ज्याने उत्तर द्यायचे ते कार्यालयच नाही. तरी तो प्रश्न विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याला हसू नये. क्लबच्या पाट्या उतरल्या, जर्सी कपाटात गेल्या, मैदानावर दुसरे खेळ सुरू झाले. या वादाखेरीज त्या पाच मोसमांचे सार्वजनिक असे काहीच मागे राहिले नाही. जोवर दोन माणसे एखाद्या चहाच्या टपरीवर त्या यादीवरून हमरीतुमरीवर येतात, तोवर तो क्लब कुठेतरी खेळतो आहे.

ज्यांच्या गावाला संघच मिळाला नाही, त्यांची गोष्ट आणखी निराळी. भोपाळच्या दक्षिण अंगाला, एम्स आणि बरकतउल्ला विद्यापीठ ज्या भागात आहेत तिथे, बाग सेवनिया ही वस्ती आहे. भोपाळमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. कुणी भेलच्या कारखान्यामुळे आले, कुणी सरकारी नोकरीने, कुणी रेल्वेने. बाहेर हिंदी, घरात मराठी, आणि उन्हाळ्यात पुणे, नागपूर किंवा जळगावची वाट. मध्य प्रदेशाचा संघ आयएसएलमध्ये कधी नव्हता. आयपीएलमध्येही नाही आणि प्रो कबड्डीतही नाही. भोपाळ हे हॉकीचे शहर, ऐशबागच्या मैदानाचे. तिथे 2012 च्या वर्ल्ड सीरिज हॉकीत ‘भोपाळ बादशाह’ नावाचा संघ उतरला होता. त्या स्पर्धेचा एकच मोसम झाला आणि संघही तेवढाच टिकला.

अशा ठिकाणच्या फुटबॉलप्रेमी माणसाला संघ जन्माने मिळत नाही. त्याला तो निवडावा लागतो. पुण्यात आजोळ म्हणून पुणे, मुंबईत मोठा भाऊ म्हणून मुंबई, गोव्याचा खेळ आवडतो म्हणून गोवा. एका अर्थी तो स्वतःच ड्राफ्टच्या टेबलाशी बसलेला असतो आणि संघांची यादी त्याच्यापुढे असते. 2014 मध्ये ज्याने भाषेच्या ओढीने पुणे निवडले, त्याच्या हातात पाच वर्षांनी काही उरले नाही. ज्याने मुंबई घेतली, त्याला 2020-21 मध्ये साखळीतले अव्वल स्थान आणि करंडक असे दोन्ही एकाच मोसमात पाहायला मिळाले. दोघेही बाग सेवनियाच्या एकाच गल्लीत राहणारे असू शकतात. पुणे निवडणाऱ्याने मुंबईकडे जावे, असे सांगणे सोपे आहे. खेळाडू मोसम संपला की संघ बदलतो. चाहत्याला तशी मुभा स्वतःकडूनच मिळत नाही. आपल्या निवडीशी इमान राखणारा तो माणूस संघाच्या निवडींबद्दल इतका कठोर का असतो, ते यावरून समजते. त्याने एकदा निवड केली आणि ती निभावली. क्लबनेही तेवढेच करावे, एवढीच त्याची अपेक्षा असते.

2017 नंतर आयएसएलमधला ड्राफ्ट बंद झाला आणि क्लब थेट करार करू लागले. वादाचा रोखही त्याबरोबर बदलला. ‘घेतला का नाही?’ याच्या जागी ‘जाऊ कसा दिला?’ हा प्रश्न आला. गोव्यात तो सर्वांत मोठ्याने विचारला गेला. 2019-20 मध्ये साखळीत पहिले आलेल्या एफसी गोवाचे आधीचे प्रशिक्षक सर्जिओ लोबेरा पुढच्या मोसमात मुंबईत होते आणि त्यांच्यापाठोपाठ मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्युगो बुमू आणि गोव्याचाच मंदार राव देसाई मुंबईच्या जर्सीत आले. मुंबईने त्या वर्षी सगळे जिंकले. मडगावच्या माणसाला ते विजेतेपद फातोर्ड्याच्या मैदानावरच, आपल्या घरात, पाहावे लागले. महासाथीमुळे स्टँड रिकामे होते, तेवढीच काय ती सवलत.

कबड्डीत मात्र लिलाव अजून दरवर्षी होतो आणि पुण्याच्या क्रीडाप्रेमींची हळहळ आता तिथे वस्तीला आली आहे. 2023 मध्ये पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलुईसाठी 2 कोटी 35 लाख मोजले. 1 मार्च 2024 रोजी अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने पहिले विजेतेपद मिळवले, अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून. पुढच्या लिलावात शादलुई हरियाणाकडे गेला, 2 कोटी 7 लाखांना. पलटण त्या मोसमात बाद फेरीपर्यंतही पोचली नाही. हरियाणा विजेते झाले आणि अंतिम सामना बालेवाडीतच होता. सोडलेला खेळाडू आपल्याच शहरात येऊन करंडक उचलतो, याहून टोकाचे उदाहरण शोधून सापडणार नाही. पण पुण्याची कहाणी तिथे थांबली नाही. 2025 मध्ये शादलुईशिवाय, नगर जिल्ह्यातल्या अस्लमच्या आणि बरीच वर्षे एकत्र खेळलेल्या मुलांच्या जोरावर पलटण पुन्हा अंतिम फेरीत पोचली आणि दिल्लीकडून तीन गुणांनी हरली. ज्यांनी आदल्या वर्षी व्यवस्थापनाला फैलावर घेतले होते, त्यांच्यापैकी किती जणांनी आपले मत बदलले? बदलले असेल तर ते मोठ्या मनाचे लोक.

या सगळ्या झगमगाटापासून दूर कोल्हापुरात ही चर्चा आपल्या मूळ रूपात जिवंत आहे. तिथे ड्राफ्ट नाही आणि लिलावही नाही. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनकडे मोसमाआधी खेळाडूंची नोंदणी होते आणि पेठापेठांत तिचीच चर्चा असते. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. कुणी कुणाला फोडले, कोणता परदेशी स्ट्रायकर आणला, घरचा पोरगा दुसऱ्या पेठेत का गेला, यावर रात्री कट्ट्यावर बैठका बसतात. मोठ्या लीगमधल्या वादात नसलेली एक गोष्ट इथे आहे. ज्याच्याबद्दल बोलायचे तो सकाळी दूध आणताना भेटतो. त्याची आई ओळखीची असते, त्याच्या गुडघ्याचे दुखणे गल्लीला ठाऊक असते. त्यामुळे टीका होते, पण ती माणसाला ओळखून होते. शाहू स्टेडियमच्या गर्दीत ही ओळख जाणवते.

याच शहरातला अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला. दोन वर्षांनी, पुण्याचा क्लब बंद झाला त्याच वर्षी, तो जमशेदपूरला गेला. तिथून हैदराबादला, आणि 2022 मध्ये विजेत्या संघात होता. महाराष्ट्राने गमावलेल्या क्लबच्या जागेवर उभ्या राहिलेल्या संघात कोल्हापूरच्या मुलाने करंडकाला हात लावला. पुण्याचा क्लब टिकला असता तर अनिकेत तिथे खेळला असता का, हे कुणी सांगू शकत नाही. पण टिकला असता तर निदान तो वाद पुण्यात झाला असता.

चुकलेल्या निवडींबद्दल एक गोष्ट इतक्या उदाहरणांनंतर ठामपणे म्हणता येते. खेळाडू यादीत पूर्ण तयार होऊन आलेला नसतो. झिंगनला केरळमध्ये पहिल्या मोसमापासून मैदान मिळाले. दुसऱ्या क्लबमध्ये तो दोन वर्षे बाकावर बसला असता, तर त्याचे नाव आज कुणी हळहळीने घेतले नसते. छांगटेलाही सर्वोत्तम ठरायला ड्राफ्टनंतर अनेक मोसम आणि एकाहून अधिक क्लब लागले. ‘हा आपला झाला असता’ असे म्हणताना चाहता गृहीत धरतो की आपल्याकडेही तो असाच घडला असता. बहुतेक क्लबांची खरी चूक निवडीच्या टेबलावर होत नाही. ती नंतरच्या दोन वर्षांत होते, सरावाच्या मैदानावर, फिजिओच्या खोलीत, प्रशिक्षकाच्या घाईत. घेतलेल्या नावांचे क्लबने काय केले, हा प्रश्न न घेतलेल्या नावांहून मोठा आहे, आणि कट्ट्यावर तो सर्वांत कमी विचारला जातो.

वाद घालावा, जरूर घालावा. फक्त पुढच्या लिलावाआधी किंवा पेठेतल्या नोंदणीआधी आपली यादी कागदावर लिहून ठेवावी, खाली तारीख घालावी आणि प्रत्येक नावापुढे हा खेळाडू का हवा ते एका ओळीत नोंदवावे. मग तीन मोसम थांबावे आणि तो कागद सोबत घेऊन कट्ट्यावर बसावे.